बिनखिशाचे साहेब

त्यांच्या एकाही शर्टाला खिसा नव्हता. पनवेलच्या जुन्या बाजारात त्यांचा एक ठरलेला शिंपी होता, त्याच्याकडून ते मुद्दाम तसे शर्ट शिवून घ्यायचे. पैसे, किल्ल्या, चष्म्याचं घर, सगळं गळ्यात अडकवलेल्या एका कापडी पिशवीत असायचं, आणि ती पिशवी रोज सकाळी ऑफिसच्या गेटवर जमा व्हायची. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, काही व्रतबित असेल. मग एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, खिसा असला की त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतं."

आमचं ऑफिस नवीन पनवेलच्या एका टोकाला होतं. रसायनांच्या कारखान्यांतले पाइप कुठून कुठे न्यायचे, त्याची ड्रॉइंग्ज आम्ही काढायचो. कामं बहुतेक परदेशातल्या कंपन्यांची. त्यांचं एखादं ड्रॉइंग बाहेर फुटलं, तर आमचं ऑफिस बंदच करावं लागलं असतं, असं मालक दर मीटिंगमध्ये सांगत. ते ड्रॉइंग फुटू नये म्हणून साहेबांना नेमलेलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, सर्व्हर, पासवर्ड त्यांच्या ताब्यात. मालकांना आम्ही 'सर' म्हणायचो आणि यांना 'साहेब'. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

तो पेनड्राइव्हचा काळ होता. बोटाएवढी वस्तू, पण तिच्यात अख्खं ऑफिस मावायचं. कॉलेजची पोरं गळ्यात घालून मिरवायची. साहेब तिला 'काडी' म्हणायचे. "एक काडी पुरते," म्हणायचे, आणि काडेपेटीवर काडी ओढल्यासारखा हात करायचे. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर ते एकटेच ऑफिसात थांबले. नळ गळायला लागला की प्लंबर जी करडी पुट्टी लावतो, ती आणून त्यांनी एकेका कॉम्प्युटरची काडी खुपसायची भोकं बुजवून टाकली. सोमवारी आम्ही आलो तर सगळ्या डब्यांची तोंडं शिवल्यासारखी दिसत होती. पुट्टीवर त्यांच्या अंगठ्याचे ठसे होते.

"हे सॉफ्टवेअरनेही बंद करता येतं ना?" माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सतीशने विचारलं.

"येतं. तेही केलंय."

"मग पुट्टी कशाला?"

"सॉफ्टवेअर मला उघडता येतं," साहेब म्हणाले. "उद्या कोणी माझ्यापाशी येऊन रडलं, तर मी उघडीन. पुट्टी खरवडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाला विचार सुचतो."

चोराबद्दल त्यांना फारसा राग नव्हता. त्यांचा राग सोयीवर. कोणीही काही मागायला आलं आणि "साहेब, तेवढीच सोय होईल" म्हणालं की संपलं. "सोय!" असं ते म्हणायचे, एखाद्या वाया गेलेल्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं. एका वर्षी ऑफिसात सत्यनारायण होता. अकाउंट्समधली मुलगी आरत्या पेनड्राइव्हवर घालून घेऊन आली. तो गेटवरच अडकला. भटजी ताटकळलेले, निरांजन पेटलेलं, आणि मालक चिडलेले.

"अहो, मग आरती करायची कशी?"

"तोंडाने," साहेब म्हणाले. आणि कोणी सुरुवात करेना म्हणून त्यांनीच सुरू केली. खणखणीत आवाज, एकाही कडव्याला अडले नाहीत. आम्ही ध्रुपदापुरतं तोंड उघडत होतो. सतीश टाळ समजून दोन स्टीलच्या वाट्या वाजवत होता आणि डोळ्यांनी मला हसवत होता. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि साहेब आपला द्रोण घेऊन सर्व्हरच्या खोलीत निघून गेले.

त्या खोलीतच ते जेवायचे. मशिनं तापू नयेत म्हणून तिथे कायम एसी चालू असायचा, त्यामुळे मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, साहेब अंगात मरून रंगाचा स्वेटर घालून पोळीभाजी खात बसलेले काचेतून दिसायचे. आमच्याबरोबर जेवायला या, असं मी दोन-तीनदा म्हटलं. शेवटी म्हणाले, "एका डब्यातलं खाल्लं की त्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि माझं काम नाही म्हणण्याचं आहे." हे ते दुःखाने म्हणाले असं मला तेव्हा वाटलं नाही. पाऊस पडेल असं सांगावं तसं म्हणाले.

संध्याकाळी निघताना ते इतरांसारखेच गेटवर रांगेत उभे राहायचे आणि दोन्ही हात वर करायचे. गेटवरचे मामा नेरे गावाकडचे, वयाने त्यांच्याएवढेच. त्यांना ते फार अवघड जायचं.

"साहेब, तुमीच मला नेमलाव. तुमाला काय तपासू?"

"तपासा मामा. मागे लोक उभे आहेत."

एकदा मी मुंबईला नातेवाइकांकडे राहिले होते, तिथून रविवारी उरणच्या बाजूला एका लग्नाला जायचं म्हणून भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच घेतली. साहेब कठड्यापाशी बसलेले. मला बरं वाटलं, जवळ जाऊन बसले. मुंबईला कोणाकडे गेला होतात, विचारलं.

"कोणाकडे नाही. सकाळी मोऱ्याहून या लाँचने आलो, आता परत चाललो."

"मधे काय केलंत?"

"धक्क्यावर चहा घेतला."

महिन्यातून एखादा रविवार ते असा घालवायचे, असं कळलं. पनवेलहून मोऱ्याला, तिथून लाँचने पलीकडे आणि परत. आई होती तोवर तिच्यासाठी घरी थांबावं लागायचं, आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. एवढं त्यांनी सांगितलं आणि मग मोरा येईपर्यंत पाण्याकडे पाहत राहिले. उतरताना मात्र म्हणाले, "सांभाळून मॅडम, फळी ओली आहे."

सतीशचं आणि त्यांचं एक वेगळंच चालायचं. सतीश उरण रस्त्यावरच्या एका गावचा, मोटरसायकलवरून यायचा. कामात चलाख आणि बोलायला मोकळा. त्याला पहिली मुलगी झाली, जुई. मेहुणा जहाजावर होता, तो सुट्टीवर आला की त्याचा कॅमेरा सतीशकडे असायचा. तेव्हा फोनवर निघणारे फोटो धुरकट असायचे, आणि सतीशच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. गेटवर तेव्हा कॅमेऱ्याला अडवत नसत, त्यामुळे तो जुईचे फोटो, छोटे छोटे व्हिडिओ ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून मेहुण्याला परत द्यायचा. घरी कॉम्प्युटर घेतला की सगळं नेऊ, असा त्याचा बेत. तेवढ्यात पुट्टी आली. मेलवरून एवढं मोठं काही जात नव्हतं. जुई आत राहिली.

मग जेव्हा जेव्हा साहेब आमच्या विभागात येत, सतीश खुर्ची फिरवून म्हणायचा, "साहेब, पोरगी तुमच्या तुरुंगात हाय. कधी सोडताय?"

"अर्ज करा."

"केला की."

"त्यात कामाचं कारण नव्हतं."

"मी बाप हाय तिचा, हे कारण नाय होत?"

"कंपनीच्या कामाचं कारण, सतीश."

सतीश हसायचा. साहेबांच्याही ओठाचा एक कोपरा हलायचा. दोघांनाही त्याची सवय झाली होती. सतीश ज्या दिवशी विचारायचा नाही, त्या दिवशी साहेब त्याच्या टेबलापाशी जरा रेंगाळून पुढे जायचे, हे मी पाहिलेलं आहे.

एका सकाळी सतीश आला नाही. दुपारी बातमी आली. उरण रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर वळताना त्याची मोटरसायकल खाली गेली होती. आम्ही सगळे गावी गेलो. साहेबही आले. गर्दीच्या मागे एका नारळाला टेकून उभे होते. जुई कोणाच्या तरी कडेवर होती आणि एवढी माणसं पाहून खुशीत होती.

काही दिवसांनी त्याची बायको मनीषा वडिलांना घेऊन ऑफिसात आली. ती माहेरी शिरढोणला राहायला गेली होती. मालकांनी आदराने बसवलं, मला आणि साहेबांना आत बोलावलं. सतीशच्या वस्तू एका खोक्यात घालून ठेवल्या होत्या. हेल्मेटचं कव्हर, छत्री, डबा, खणातला देवाचा फोटो. मनीषाने खोक्यात हात घालून पाहिलं.

"आनि फोटो?" ती म्हणाली.

मालक गोंधळले. मी सांगितलं, जुईचे, कॉम्प्युटरवरचे.

"वहिनी," मालक म्हणाले, "सिस्टिममधून काही बाहेर देता येत नाही. क्लायंटशी तसा करार आहे. आणि आता त्यांचं ऑडिटही येतंय. तो कॉम्प्युटर आम्हाला पुसूनच टाकावा लागेल. हे साहेब तुम्हाला नीट समजावतील."

मनीषा वळून साहेबांकडे बघायला लागली. "तुमीच का ते साहेब? हे रोज सांगायचे तुमचं."

"काय सांगायचे?"

"साहेब एक दिवस सोडतील, म्हणायचे."

तिच्या वडिलांनी खोका उचलला. ती दोघं गेल्यावर मालक म्हणाले, "फॉरमॅट करून टाका. लवकर."

"पुसण्याआधी तपासणी करावी लागेल सर," साहेब म्हणाले. "आत काय आहे, ते पाहिल्याशिवाय पुसता येत नाही."

"मग करा तपासणी."

तपासणीला दोन माणसं लागत. कोणीही एकट्याने कोणाचा कॉम्प्युटर उघडायचा नाही, हा साहेबांचाच नियम. दुसरी मी. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं की आम्ही सतीशच्या टेबलाशी बसायचो. मला वाटलं होतं, वरवर पाहून तासाभरात संपेल. साहेबांनी पहिला व्हिडिओ उघडला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग दुसरा. जुई पाटावर बसलीये, जुई मांजराच्या मागे रांगतेय, जुई आजीच्या मांडीवर झोपलीये, जुईच्या तोंडाला पेज लागलीये.

"साहेब, हे सगळं पूर्ण बघायचं?"

"मधे काही असलं तर?"

मधे काही नव्हतं. सतीश कुठेच दिसायचा नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात. नुसता त्याचा आवाज. "जुई, इकडं बघ. जुई, मासा कसा करतो?" मग जुई दोन्ही गाल फुगवायची, ओठांचा चंबू करायची, आणि सतीशच्या हसण्याने अख्खं चित्र हलायचं. एकाच व्हिडिओत तो दिसला, तोही क्षणभर, कपाटाच्या आरशात. एका डोळ्याला कॅमेरा, दुसरा डोळा मिटलेला, अंगात बनियन. साहेबांनी तिथे थांबवलं. चष्मा काढून पुसला. मग पुढे चालू केलं.

पहिल्या शनिवारी त्यांचा चेहरा तपासणीचा होता. पुढच्या शनिवारी मला म्हणाले, "आज आजी दिसल्या नाहीत." त्याच्या पुढच्या वेळी ते खालच्या टपरीवरून दोन कटिंग घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाबरोबर चहा घेतलेला मी पाहिला नव्हता. जुई पहिल्यांदा उभी राहिली आणि धपकन बसली, तेव्हा ते एकदम पुढे झुकले, जणू काचेतून हात घालून तिला धरणार होते. मी दुसरीकडे पाहिलं.

शेवटी एक वेगळी फाइल निघाली. ड्रॉइंग होतं. साहेब ताठ झाले. मी जवळून पाहिलं तर घर होतं. ओटी, स्वयंपाकघर, मागे पडवी, वर जायला जिना, आणि वरच्या एका खोलीत लिहिलेलं, 'जुई'. सतीश जेवणाच्या सुट्टीत काढत असावा. खिडक्यांची मापंसुद्धा घातली होती. आणि आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते तशी कंपनीच्या नावाची चौकट याही कोपऱ्यात होती.

"हे ड्रॉइंग आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, घराचं आहे. त्याच्या घराचं."

"कोपऱ्यात कंपनीचं नाव आहे."

"ते आपोआप येतं, तुम्हाला माहीत आहे."

"आलं ना पण."

ते बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून राहिले. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मग म्हणाले, "मॅडम, तपासणी संपली. तुमचं काम इथपर्यंतच. पुढे जे करायचं ते मी एकटा करणार आहे. तुम्ही घरी जा."

मला कळलं. मी पर्स उचलली आणि निघाले, पण दाराशी माझा पाय अडला. मागे वळून पाहिलं तर साहेब गुडघे टेकून सतीशच्या कॉम्प्युटरमागे वाकले होते आणि स्क्रू-ड्रायव्हरने पुट्टी खरवडत होते. त्यांनी लावलेली पुट्टी पक्की होती. तिला फार वेळ लागत होता.

दुसऱ्या दिवशी रविवारी ते माझ्या घरी आले, पहिल्यांदाच. शिरढोणचं घर दाखवाल का, म्हणाले. गळ्यातल्या पिशवीत एक नवा पेनड्राइव्ह होता, त्यांनी स्वतः दुकानात जाऊन घेतलेला. दुकानदाराने रंग कुठला देऊ विचारलं, तेव्हा आपल्याला उत्तरच सुचेना, असं ते रिक्षात मला सांगत होते. शेवटी त्यांनी लाल घेतला. लहान मुलीचं आहे म्हणून.

मनीषाच्या माहेरी ओटीवर आम्हाला बसवलं. पाणी आलं. साहेबांनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढून तिच्या हातावर ठेवला आणि अगदी ऑफिसच्या सुरात म्हणाले, "यात सर्व फोटो आणि व्हिडिओ आहेत. एक घराचं ड्रॉइंग आहे. तपासून घ्यावं."

मनीषाने मूठ मिटली. तेवढ्यात आतून जुई आली आणि आजोबांच्या गुडघ्याला धरून आमच्याकडे टकामका बघू लागली. आणि एकदम साहेब म्हणाले, "जुई, मासा कसा करतो?"

जुईने गाल फुगवले.

आजोबांनी शेजारी उभ्या असलेल्या मनीषाच्या वहिनीकडे पाहिलं. मनीषाचा हात तोंडावर गेला.

"तुमाला कसं ठाव?" ती म्हणाली.

साहेबांचे कान लाल झाले होते. "तपासणीत पाहिलं."

"सगलं पाहिलंत?"

"हो. नियम आहे तसा."

मनीषा रडायला लागली, आणि रडता रडताच तिला हसू आलं. "हे म्हणायचे बगा, साहेब लय कडक हायत. आता जेवल्याशिवाय आमी सोडनार नाय." पण साहेब उठले. नको म्हणाले, उशीर होईल म्हणाले. उशीर व्हायला त्यांच्या घरी कोणी नव्हतं. जाताना त्यांनी जुईच्या डोक्याकडे हात नेला, आणि मधेच मागे घेतला.

परतीच्या रिक्षात पळस्प्याच्या फाट्याला आल्यावर म्हणाले, "बारीक झाली आहे. व्हिडिओत गाल भरलेले होते."

ऑडिट आलं. पुण्याहून एक तरुण मुलगा आला होता, टाय लावलेला, चटपटीत. मालक, साहेब, मी आणि इतर दोघंतिघं मीटिंगच्या खोलीत बसलो. सगळं उत्तम चाललं होतं. पुट्टी पाहून तो हसला, चांगली कल्पना आहे म्हणाला. मग प्रश्न वाचता वाचता त्याने सहज विचारलं, "या वर्षात एखादी फाइल पेनड्राइव्हवर बाहेर गेली आहे का? नाही, असंच लिहितो."

"गेली आहे," साहेब म्हणाले.

त्या मुलाचं पेन थांबलं. "चाचणी म्हणून?"

"नाही. बाहेर गेली. खाजगी फोटो आणि कंपनीच्या चौकटीतलं एक ड्रॉइंग. मी दिली."

"कोणाच्या परवानगीने?"

"कोणाच्याच नाही."

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या मुलाने पुढचा प्रश्न विचारून विषय बदलायचा प्रयत्न केला, त्याला हे नको होतं हे दिसत होतं. साहेबांनी त्याला बदलू दिला नाही. "आधी हे लिहून घ्या," म्हणाले. मी मधे बोलायला गेले, ते घराचं ड्रॉइंग होतं, मी पाहिलंय. त्यावर साहेब म्हणाले, "मॅडमचा यात संबंध नाही. त्या घरी गेल्या होत्या."

नंतर मालकांच्या केबिनमधून आवाज येत होते. मालकांचाच आवाज, साहेबांचा फारसा ऐकूच आला नाही. "अहो, कोणाला कळलं असतं? नाही म्हणायला काय झालं होतं?" असं मालक परत परत म्हणत होते. साहेबांचं एकच वाक्य कानावर आलं. "मला विचारलं होतं, सर."

चौकशी लागली, कारण क्लायंटने कारवाई मागितली. साहेबांना सर्व्हरच्या खोलीत जायला बंदी झाली, तर ते आमच्या विभागात एका रिकाम्या खुर्चीवर बसायचे, स्वेटर मांडीवर घेऊन. सतीशची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर बसत नसत. त्याच दिवसांत मनीषाचा फोन आला. जुईचा वाढदिवस होता. "साहेबांना घेऊन या ताई, नक्की." मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला.

"चौकशी चालू आहे. आत्ता त्यांच्याकडे जेवायला जाणं बरं दिसणार नाही. त्यांच्याकडून काही घेऊन फाइल दिली, असा अर्थ निघेल. चौकशी संपली की जाईन."

मी एकटीच गेले. मनीषाने विचारलं, आणि साहेब? मी काहीतरी सांगितलं. त्यांच्यासाठी तिने बाजूला काढून ठेवलेली बासुंदी तिने माझ्याबरोबर दिली. सोमवारी मी ती त्यांना दिली. त्यांनी डबा हातात घेतला, उघडला नाही, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत केला.

चौकशीचा शेवट ठरलेलाच होता. त्यांनी राजीनामा द्यावा, म्हणजे बाकीचं नीट मिटेल, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दिला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर हात वर केले.

"साहेब, आज नको," मामा म्हणाले. "आज मी तुमाला हात लावनार नाय."

"लावा मामा. नाहीतर उद्या हे लोक ऐकणार नाहीत तुमचं."

मामांनी तपासलं. खिसे नव्हतेच. पिशवी परत गळ्यात घालून साहेब रस्त्याला लागले. आम्ही काहीजण गेटपाशी उभे होतो. निरोपसमारंभ वगैरे काही नव्हता, ऑफिसला ते सोयीचं नव्हतं.

चौकशी संपली, पण शिरढोणला ते गेले नाहीत. मी दोनदा आठवण केली. आता कोणत्या नात्याने जाऊ, म्हणाले. ऑफिसचा माणूस म्हणून गेलो असतो, आता ऑफिसही नाही. नंतर मनीषाला उरणला एका शाळेत नोकरी लागली आणि ती तिकडे गेली. माझीही नोकरी बदलली. साहेबांची अधूनमधून बातमी कळायची. कुठल्याशा पतपेढीत कॉम्प्युटर बघतात, मग तेही सोडलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते मला पनवेलच्या एसटी स्टँडवर भेटले. तोवर सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले होते, पेनड्राइव्ह पोरांनाही नकोसा झाला होता. साहेब खूप वाकले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. "मॅडम," म्हणाले, कुठल्या गाडीला थांबलाय विचारलं, आणि बाकावर सरकून जागा केली. उरणच्या गाडीची वाट बघत होते का, विचारलं, तर नाही म्हणाले. इथे बसायला येतात. संध्याकाळी गाड्या बघत बसायला बरं वाटतं.

"जुई शाळेच्या गणवेशात दिसली होती," ते म्हणाले. "इथेच. मैत्रिणींबरोबर उतरली. मी ओळखलं."

"बोललात?"

"छे. तिला काय सांगणार? मी कोण म्हणून?" मग म्हणाले, "हसते मात्र तशीच. मान मागे टाकून."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. "साहेब, तेव्हा तुम्ही स्वतःसाठी एक प्रत ठेवून घेतली नाहीत?"

ते दचकलेच. मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी कशी ठेवीन? ती त्यांची होती. देऊन झाल्यावर मी ऑफिसातली पुसली. तुम्हाला काय वाटलं?"

"नाही, सहज विचारलं."

समोर एक गाडी लागली, माणसं धावली, गाडी भरून निघून गेली. साहेब तिच्याकडे बघत होते. गाडीचा आवाज पूर्ण विरल्यावर ते म्हणाले, "पण मॅडम, आता पुसट व्हायला लागलंय. घरी बसलो की मी एकेक करून सगळे आठवत असे. मांजराचा, पाटावरचा, सगळे क्रमाने. आता मधले मधले सापडत नाहीत." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "आणि परवापासून सतीशचा आवाज आठवेना. तो बोलतो काय, ते आठवतं. आवाज येत नाही. तुम्ही त्याच्या शेजारी बसायचात. कसा होता हो आवाज?"

मी सांगायला तोंड उघडलं. जाडसर होता, की बारीक? हसताना फाटायचा का? मला शब्द सापडेनात. साहेब माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. शेवटी त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "असू दे. तुमची गाडी लागली बघा."